वहिनींची टाळी

वहिनी कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी टाळी वाजवत. एकच, कोरडी, छातीच्या उंचीवर. मग मान जराशी तिरकी करून ऐकत उभ्या राहत. नव्या जागेत गेल्यावर लोक भिंतीचा रंग बघतात, खिडकी उघडून बघतात, फार तर नळ सोडून बघतात. तीस वर्षं कॉलेजात ध्वनी आणि प्रकाश शिकवलेल्या बाईला मात्र खोली आधी कानाने कळायची.

मामांकडून वारशाने आलेल्या छोट्या घरात त्यांनी पहिली टाळी वाजवली तेव्हा त्यांची नणंद टाचणी शेजारीच उभी होती. शेवटच्या बसथांब्यापासून दहा मिनिटं चालत, एका फळबागेच्या कुंपणाला टेकलेलं ते घर. बाहेरची खोली, आतली खोली, मागे स्वयंपाकघर, पुढे तीन पायऱ्या. रिकाम्या बाहेरच्या खोलीने ती टाळी चेंडूसारखी चारही भिंतींवर आपटली, छताला लावली आणि मग कुठे खाली पडू दिली.

"दीड सेकंद," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.

"दीड सेकंदाचं एवढं काय, वहिनी?"

"दीड सेकंदात तुझा दादा तीन शब्द हरवून बसतो."

यावर टाचणीने नुसतं छताकडे पाहिलं. एरवी ती बोलायची राहत नसे. पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवण्याचा तिचा धंदा, तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, आणि त्यातूनही ती बोलायची. म्हणून दादाने हे नाव ठेवलं होतं. काटकुळी होती, अणकुचीदार होती, नाव चिकटलं ते चिकटलंच.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. अठ्ठावीस वर्षं छापखान्यात, मोठ्या छपाई यंत्राच्या शेजारी उभा राहिलेला माणूस. त्या यंत्राने त्याचे कान खाल्ले. सगळे नाहीत. ढोल वाजला तर त्याला ऐकू यायचा, पण 'स' आणि 'फ' आणि 'त' यांचं पीठ व्हायचं. आवाज येई, शब्द येत नसत. कानात घालायचं यंत्र होतं, पण ते सगळंच मोठं करायचं: बोलणंही, खुर्ची सरकलेलीही, चमचा ताटलीत पडलेलाही.

आणि हाच दादा एके काळी बैठकीचा जीव होता. चार माणसं जमली की पाचवा तो, आणि तो आला की बाकीचे चार श्रोते. त्याची व्यवस्थापकाची गोष्ट तर टाचणीला पाठ होती. छापखान्याचा व्यवस्थापक नवा पांढरा सूट घालून आला आणि ओल्या छापलेल्या जाहिरातींच्या गठ्ठ्याला टेकून उभा राहिला. दिवसभर पाठीवर उलटी अक्षरं घेऊन हिंडला. कुणाची सांगायची टाप नव्हती. घरी बायकोने आरशात वाचलं: 'शेवटचे तीन दिवस'. दादा ती गोष्ट उभा राहून, पाठ फिरवून, व्यवस्थापकाची चाल चालून सांगायचा, आणि लोक हसून हसून टेबल धरायचे.

आता शहरातल्या घरी पाहुणे आले की तो पहिली दहा मिनिटं बसे. सगळे हसले की हसे, पण अर्धा क्षण उशिरा. मग हसणं थांबे. मग तो ताटल्या गोळा करून आत जाई आणि पाहुणे उठेपर्यंत भांडी घाशी. इतकी लख्ख भांडी आख्ख्या इमारतीत कुणाकडे नव्हती. ते घर चौकावर, खाली बसचे ब्रेक, आत गुळगुळीत फरशी आणि काचा. गेल्या खेपेला सगळे गेल्यावर तो हात पुसत म्हणाला होता, "यापुढे माझ्यासाठी कुणाला बोलावू नका. मला माझ्याच घरात परक्यासारखं होतं."

रागाने म्हणाला असता तर टाचणीला बरं वाटलं असतं. पण तो अगदी साधेपणाने म्हणाला, दूध संपलंय म्हणावं तसं.

वहिनींनी त्याच्याकडून एकच कबूल करून घेतलं. "एकदा. मामांच्या घरी. तुमचे तिघे दोस्त, बस्स. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं." दादाने मान हलवली होती. म्हणून ते घर सजत होतं. एका जेवणासाठी.

*

घर सजवायला टाचणीच्या मनात खूप काही होतं. फुलाफुलांचा भिंतीचा कागद, उंच फुलदाणी, लांबलचक टेबल, काचेची भांडी. वहिनींनी एकेक मोडीत काढलं, तेही आवाज न चढवता, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

"कागद का नको?"

"पाहुण्याच्या डोक्यामागे फुलं नाचायला लागली की ओठ दिसत नाहीत. भिंत साधी हवी."

"टेबल गोल कशाला? लांब टेबलाला शोभा असते."

"लांब टेबलाला टोक असतं, आणि टोकाला तुझा दादा बसतो."

फुलदाणीच्या बाबतीत तर वहिनींनी टाचणीलाच खुर्चीवर बसवून टेबलापासून तिच्या हनुवटीपर्यंत टेप लावला. फुलं त्याच्या खालीच हवीत. टाचणी म्हणाली, "माझ्या हनुवटीचं माप आजवर शिंप्यानेसुद्धा घेतलं नव्हतं."

फर्निचरच्या दुकानात वहिनी प्रत्येक टेबलाच्या फळीवर बोटाच्या पेरांनी ठोकून, कान लावून ऐकत. चौथ्या टेबलापाशी दुकानदाराच्याने राहवलं नाही. "बाई, टेबल घ्यायचंय की कलिंगड?"

"कलिंगड पिकलेलं चालतं," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "टेबल मात्र कच्चं नको. हे पोकळ आहे. ते कोपऱ्यातलं दाखवा."

कोपऱ्यातलं निघालं जुनं, जाड फळीचं, चार फूट व्यासाचं. दुकानदाराने ते अडगळ म्हणून ठेवलं होतं. त्याने घासून पुसून तेल लावल्यावर त्याची मधासारखी कांती वर आली, आणि टाचणीला पहिल्यांदा वाटलं, की या बाईला काहीतरी दिसतं जे आपल्याला दिसत नाही.

मग खुर्च्यांच्या पायांना खालून लोकरीच्या चकत्या. स्टीलऐवजी लाकडी वाडगे, लाकडी चमचे. भिंतीवरचं घड्याळ काढलं. एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, आणि पुस्तकं मुद्दाम पुढेमागे, ओळीत नाहीत. जमिनीवर जाड गालिचा. भिंतींना कच्च्या पेरूच्या आतल्या गरासारखा फिका रंग. आतल्या खोलीत राहायला येणाऱ्यांसाठी दोन पलंग, दोघांच्या उशाशी वेगवेगळे दिवे, दाराजवळ दोन उंचीच्या खुंट्या, एक बुटक्या पाहुण्यासाठी. हे सगळं आलेखाच्या कागदावर आधीच काढलेलं होतं. खुर्ची सरकवायची तर वहिनी आधी कागदावर सरकवत आणि मगच खोलीत.

पडदे टाचणीचे. त्यात मात्र वहिनींनी तिला मोकळं सोडलं, म्हणजे त्यांच्या मानाने. कापड खिडकीच्या अडीच पट, घड्या खोल, आत लोकरी अस्तर. टाचणीने आपलं शिवणयंत्र तिथेच नेऊन आतल्या खोलीच्या दाराशी मांडलं. मोटारीचं, जुनं, लोखंडी. चालू झालं की शेजारचा उठून बसावा. तीन आठवडे ती तिथे शिवत होती. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "उद्या पाहुणे असताना यावर चादर घाल आणि हात लावू नकोस."

"मी काय मेजवानीत झबली शिवायला बसणार आहे?"

"तुझा नेम नाही."

शनिवारी संध्याकाळी पडदे चढले. दोघी बाहेरच्या खोलीत उभ्या राहिल्या. पश्चिमेच्या खिडकीतून आलेला उजेड पडद्याच्या घड्यांत मुरत होता, टेबल मधासारखं चमकत होतं, फुलदाणीत हनुवटीखालची पांढरी फुलं. चार भिंतींत एवढं साधं आणि एवढं देखणं काही टाचणीने शिवणकामाच्या निमित्ताने पाहिलेल्या बंगल्यांतही पाहिलं नव्हतं. वहिनींनी टाळी वाजवली.

टाळी वाजली आणि संपली. जणू कुणी ती हवेतच झेलून खिशात टाकली.

वहिनींनी वही उघडली, पण लिहिलं नाही. नुसत्या हसल्या. त्या हसल्या की तरुण दिसत, आणि हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"वहिनी," टाचणी म्हणाली, "एक विचारू? मानाची खुर्ची खिडकीकडे पाठ करून का?"

"म्हणजे खिडकीचा उजेड समोरच्यांच्या तोंडावर पडेल. तुझ्या दादाला बाग बघायची नाहीये. माणसं बघायची आहेत."

*

रविवारी दुपारी छापखान्यातले तिघे दोस्त आले. शाईवाला, ज्याच्या नखांतली काळी रेघ निवृत्तीनंतरही गेली नव्हती. बाइंडर, सुतकी चेहऱ्याने विनोद करणारा. आणि लंबू, ज्याला दारात वाकावं लागलं. पायऱ्यांवर तिघांचा गलका होता.

"उस्ताद! दोन घरं झाली तुझी! आता आम्हाला ओळखणार का?"

"उधारीवाल्यांना एक घर पुरत नाही रे, म्हणून दुसरं केलं," बाइंडर शाईवाल्याला म्हणाला.

दादाने तिघांच्या पाठीवर थापा मारल्या, शब्द कळले न कळले तरी. मग ते आत आले, आणि गलका उंबऱ्यावरच राहिला.

टाचणीला आधी कळलंच नाही काय झालं ते. गालिच्यावर पावलं वाजली नाहीत. खुर्च्या सरकल्या, पण आवाज न करता. शाईवाल्याने आपली नखं मुठीत लपवली. "वहिनी, फार सुंदर केलंय हो," तो म्हणाला, पण कुजबुजत, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसा. बाइंडर त्याहून हळू म्हणाला, "चपला काढल्या, आता श्वासही बाहेर ठेवून येऊ का?" लंबू हसला, तोंडावर हात धरून.

तोंडावर हात. वहिनींनी खिडकी, भिंत, फुलं, सगळं त्या ओठांसाठी रचलं होतं, आणि ओठ हाताआड गेले.

सूप वाढलं. लाकडी चमचे लाकडी वाडग्यांत अलगद बुडत होते. खोली इतकी शांत की कुणाला मोठ्याने बोलायची गरजच वाटेना, आणि इतकी नीटनेटकी की कुणाची हिंमत होईना. तिघे माना खाली घालून हलक्या आवाजात बोलत राहिले. दादा एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याने कानातलं यंत्र दोनदा वाढवलं. शाईवाला मध्येच वाडग्याकडे बघत पुटपुटला, "...आणि तो सूट घालून आलेला, आठवतं? शेवटचे तीन दिवस..." आणि दोघे खुदखुदले.

दादाची गोष्ट. दादाच्याच टेबलावर. आणि ती कुठली गोष्ट हे दादाला कळलं नव्हतं. तो हसला, अर्धा क्षण उशिरा.

टाचणीने वहिनींकडे पाहिलं. वहिनी ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, चेहरा परीक्षेतल्या मुलासारखा, ज्याने सगळी उत्तरं बरोबर लिहिली आणि मग लक्षात आलं की प्रश्नच वेगळा होता.

दादा उठला. त्याने आधी स्वतःचा वाडगा उचलला, मग लंबूचा.

"अहो, बसा ना, मी नेते," वहिनी म्हणाल्या.

"असू दे," दादा म्हणाला. "दोन मिनिटांत आलो."

ती दोन मिनिटं कशी असतात ते टाचणीला ठाऊक होतं. ती संपत नसतात. आणि आजची संपली नाहीत तर पुन्हा कुणाला बोलावणंही होणार नव्हतं.

तेवढ्यात तिची नजर लंबूच्या हाताकडे गेली. लंबू बाइंडरला काहीतरी सांगत होता, आणि टेबलाखाली त्याचा डावा हात आपोआप बोलत होता. दोन बोटं कागद फाडल्यासारखी. अंगठा बोटांवर घासलेला. टाचणीला एकदम छापखाना आठवला. लहानपणी ती दादाला डबा द्यायला जायची, तेव्हा त्या प्रचंड खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नसे आणि तरी हे चौघे दिवसभर गप्पा मारत. तोंड मोठं उघडून, हातांनी, भुवयांनी, या टोकाकडून त्या टोकाकडे. एकदा तिने दादाला विचारलं होतं, तुम्हाला कसं रे कळतं? दादा म्हणाला होता, आवाज असला की माणूस नीट बोलतो.

आवाज असला की.

तिने चमचा खाली ठेवला, उठली, आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि शिवणयंत्रावरची चादर ओढून काढली. हाताला लागली ती चिंधी घातली, आणि पेडलवर पाय पूर्ण दाबला.

जुनं लोखंडी यंत्र खडखडून उठलं. फुलदाणीतलं पाणी थरथरलं.

"टाचणी!" वहिनी ओरडल्या. तीस वर्षांत टाचणीने त्यांचं ओरडणं ऐकलं नव्हतं.

"काय म्हणालात?" टाचणी ओरडली. "ऐकू येत नाही!"

"अगं, काय चाललंय हे?" शाईवाला मोठ्याने म्हणाला. तो मोठ्याने म्हणाला आणि त्याची मान वर आली. लंबूने तोंडावरचा हात काढून कानामागे लावला. बाइंडर त्याच्याकडे वळून, जबडा पूर्ण उघडून, एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणाला, "ही – आपली – तीन – नंबरची – मशीन – वाटते!" आणि तीन बोटं वर केली.

अठ्ठावीस वर्षांची सवय. खडखडाट सुरू झाला की या माणसांचे चेहरे उघडत, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

दादा स्वयंपाकघराच्या दारात वाडगे घेऊन उभा होता. कानातल्या यंत्राने तो खडखडाट त्याच्या डोक्यात ओतला असणार, कारण त्याने डोळे मिटले. मग वाडगे खाली ठेवले, कानातलं यंत्र काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. डोळे उघडले तेव्हा शाईवाला त्याच्याचकडे बघत होता. शाईवाल्याने गळ्याशी दोन बोटं नेऊन नसलेला टाय सरळ केला.

'साहेब येतोय.'

दादा क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने घाईघाईने नसलेल्या यंत्रावरची नसलेली धूळ पुसायला घेतली, आणि चौघेही हसले. एकाच वेळी. अर्धा क्षणही इकडेतिकडे नाही.

तो खुर्चीवर येऊन बसला. खिडकीला पाठ करून. समोर तीन चेहरे, तिन्हींवर बागेकडून आलेला मऊ उजेड, मागे साधी भिंत, मध्ये काही नाही. ओठ, भुवया, बोटं, सगळं स्वच्छ. टाचणीला तेव्हा कळलं, की वहिनींनी मांडलेलं यातलं काहीच चुकलं नव्हतं. ते टेबल, ती खिडकी, ती फुलांची उंची नसती तर नुसत्या खडखडाटाने काय होणार होतं? शहरातल्या घरी काय आवाज कमी होता?

बाइंडरने हातांनी काहीतरी विचारलं. दादा उठला. "थांबा, तुम्हाला काही सांगता येत नाही," तो म्हणाला आणि पाठ फिरवून, खांदे ताणून, पांढऱ्या सुटातल्या माणसाची चाल चालायला लागला.

टाचणीची चिंधी संपत आली होती. शिलाईवर शिलाई घालून तिची दोरी झाली होती. पाय काढायची सोय नव्हती. ती इकडेतिकडे बघत होती, तेवढ्यात वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून टाचणीने मान खाली घातली.

वहिनी तिच्या कानाशी वाकल्या. "मी खोली मोजली," त्या म्हणाल्या. "रिकामी. आपण सहा जण मोजायचे राहिलो. कपडे घातलेलं माणूससुद्धा आवाज पितं. आणि शांततेत माणूस आवाज खाली घेतो, हे तर मी वर्गात शिकवायची."

"वहिनी, बाकीचं सगळं..."

"शिव तू. थांबू नकोस."

मग त्या पूर्वेच्या खिडकीशी गेल्या, स्टुलावर चढल्या आणि टाचणीने आठवडाभर खपून शिवलेला पडदा कड्यांतून काढून घेऊन आल्या. त्याची कड यंत्राखाली सारली. "हा घे, लांब आहे. नंतर याचं अस्तर उसवून टाकू. गालिचाही आतल्या खोलीत नेऊ. तिथे झोपायचंच आहे."

"मी उसवायचं? माझी शिलाई बघितलीत का, केवढी बारीक आहे?"

"बघितली. म्हणून तर नंतर म्हणतेय."

दादा आता व्यवस्थापकाची बायको झाला होता. आरशासमोर उभी, एकेक अक्षर लावत. "शे – व – ट – चे –" शाईवाल्याने टेबल धरलं. लंबू डोळे पुसत होता. पडदा गेल्यामुळे खोलीत आणखी उजेड आला होता, आणि हसण्याला भिंतीवर टेकायला जागा मिळाली होती.

वहिनींनी मान तिरकी केली. सवयच ती. छातीच्या उंचीवर हात आणले आणि एक टाळी वाजवली, कोरडी, मोजण्यासाठी.

पण दादाची गोष्ट नेमकी संपली होती. शाईवाल्याला वाटलं टाळी तिच्यासाठी, त्याने धडाधड टाळ्या पिटल्या. मग बाइंडरने, मग लंबूने. दादाने त्या ऐकल्या नाहीत, पाहिल्या. आठ हात वरखाली होताना पाहिले, त्यांत बायकोचे दोन, आणि तो कमरेत वाकला.

त्या दंग्यात खोली किती वेळ घुमली ते वहिनींना काही मोजता आलं नाही.

बघता बघता टाचणीचा पाय पेडलवरून सुटला. यंत्र थांबलं. एकदम झालेल्या शांततेत दादा वळला, त्याने तिच्याकडे बघून भुवया चढवल्या आणि दोन्ही मुठी एकमेकींभोवती गरागरा फिरवल्या. लहानपणी पाहिलेली ती खूण टाचणी विसरली नव्हती.

'चालू कर.'

तिने पाय दाबला.